आमची वाटचाल : साडेतीन इंचांतली मगर

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं काम स्क्रीन प्रिंटिंगवर सुरू झालं: लाकडी चौकट, ताणलेली जाळी, दर रंगाला वेगळी स्क्रीन. पुढे भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन आलं, मग सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई कापडातच मुरवणारी छपाई. यंत्रं बदलली तसा कॉलेज संघांचे लोगो करण्याचा क्रमच उलटा झाला. पूर्वी आधी चित्र मंजूर व्हायचं आणि मग ते कापडावर बसवताना ओढाताण. आता पहिला प्रश्न एकच: कोणत्या कापडावर, किती इंचांत?

मगरीचंच घ्या. मगरींच्या विश्वामित्री नदीकाठच्या गावाला हे चिन्ह शोभतंच, आणि मराठीत मगर तशी गुजरातीतही मगरच, म्हणजे नावाचा घोळ नाही. घोळ चित्रात होतो. नेटवरून उतरवलेलं तयार चित्र पुष्कळदा अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरचं निघतं. आपल्या मगरीचं थोबाडही रुंदच, त्यामुळे नजर फसते. खूण दातात आहे. तोंड मिटलं तरी मगरीच्या खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो. अ‍ॅलिगेटरचा वरच्या जबड्याआड जातो. बाकी दात कमी करू, हा गाळत नाही. आणि थोबाड चिमट्यासारखं बारीक झालं की ती घडियाल.

मुलांना तोंड वासलेलं हवं असतं. आमचं मत मिटलेल्या तोंडाचं: मगरीचा खरा दरारा पाण्यात निपचित दबा धरण्यात आहे. शिवाय वासलेल्या तोंडात वीस दात आले की छातीवरच्या मापात एकेक दात १ मिमीहून बारीक होतो, आणि तिथे सुई तेच भोक पुन्हा पुन्हा पाडते, दोरा तुटतो. रक्ताचे थेंब तर नकोच. गुजरातेत पुजल्या जाणाऱ्या खोडियार मातेचं वाहन आहे ते, इथे कुणालाही खटकेल.

डाव्या छातीवर लोगो साधारण ३ ते ३.५ इंच रुंद. मगरीचं तोंड बटणपट्टीकडे हवं, नाहीतर ती काखेत शिरल्यासारखी दिसते. दोन्ही बाह्यांवर असेल तर एका बाजूचं चित्र आरशातल्यासारखं उलटं करून घ्यायचं. अंग पूर्ण भरलं तर चौरस इंचाला अंदाजे २,००० टाके धरा, ३.५ बाय २.५ इंचांत १५,००० च्या पुढे. मिनिटाला ८०० टाक्यांनी एका नगाला जवळपास वीस मिनिटं, आणि दर तर हजार टाक्यांवर. पैशांपेक्षा मोठी अडचण म्हणजे ड्राय-फिट (घाम लवकर वाळवणारं खेळाचं) कापड एवढ्या टाक्यांनी गोळा होतं. म्हणून अंगासाठी कापडाचाच रंग मोकळा सोडतो. भरायचं ते फक्त पाठीचे कंगोरे, डोळा, जबड्याची रेघ आणि तो दात. टाके निम्म्यावर येतात. खाली कट-अवे बॅकिंग, म्हणजे टाक्यांमागे कायम राहणारं, कडेने कापायचं अस्तर. फाडून काढायचं बॅकिंग ताणणाऱ्या कापडाला पुरत नाही. अक्षरं ५ मिमीच्या खाली नेली की ‘ठ’ आणि ‘ढ’ सारखेच दिसतात.

वडाचं झाड मागणारेही असतात, वडोदरा हे शहराचं नावच त्यावरून. पारंब्या तीनच ठेवा.

छपाईतला सगळ्यात नडणारा प्रकार: लाल पॉलिएस्टर जर्सीवर पांढरा दात छापला, माल पांढराशुभ्र निघाला आणि गठ्ठ्यात दोन दिवस राहून गुलाबी झाला. शाई पिकवणाऱ्या भट्टीच्या उष्णतेने कापडातला रंग सुटून शाईत चढतो. कमी तापमानाला पिकणारी शाई आणि खाली कापडाचा रंग अडवणाऱ्या करड्या ब्लॉकरचा थर, हा उपाय. जर्सी घडी करण्याआधी थंडही होऊ द्यावी. सब्लिमेशनला पांढरी शाईच नसते, तिथे दात म्हणजे मोकळं सोडलेलं पांढरं कापड.

फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या आकारांत, बदलून द्या. भरतकामाच्या डीएसटी फाइलमध्ये दोऱ्याचे रंग साठतच नाहीत. म्हणून दोऱ्यांचे नंबर कागदावर आणि भरलेला एक तुकडा त्या कागदाला टाचून. पुढच्या वर्षी नवा कॅप्टन ‘तोच हिरवा’ मागतो, तेव्हा तो तुकडा काढायचा.