त्या डब्याचं वजन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोका पातळी ४५ फुटांवर आहे, यावरून काय ते समजा. पाणी ओसरलं, घराघरातला चिखल निघाला आणि मग आमच्याकडे बुडालेल्या गाड्यांची रीघ लागली. माझं गॅरेज कुपवाड रस्त्याला, उंचावर, म्हणून ते वाचलं होतं. पुढचे काही महिने मी दुसरं कसलं काम घेतलंच नाही. लोकांची पोटं त्या यंत्रांवर होती.

सांगलीवाडीच्या एका अण्णांचा ट्रॅक्टर त्यातच आला. पुरात पूर्ण बुडालेला, नंतर पंचनाम्याची वाट बघत उघड्यावर उभा. अण्णा म्हणाले, "मिस्त्री, ऊस तर गेला. सीझनला भाड्यानं ट्रॉली ओढीन म्हणतोय, तेवढं चालू करून द्या बघा." त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली होती, स्टार्टर मारून बघितला नव्हता. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट सोडला तर आधी पाणी आलं आणि मग तेल, दुधाच्या चहासारखं.

इंजिन जॅम होतं. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल मिसळून ओतलं आणि मुरू दिलं. बरेच जण अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं घेतात. त्याचं नाव मोठं आहे, पण दोन्ही एकजीव राहत नाहीत, अ‍ॅसिटोन उडून जातं आणि ते पटकन पेटतं. दिवसचे दिवस मुरायच्या कामाला मला डिझेलच बरं वाटतं.

खरा त्रास सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याचे, स्टड काढताना झाला. स्टड म्हणजे इंजिनात पिळून बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, त्यावर नट बसतो. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून नट आवळल्यासारखा घट्ट बसतो. स्प्रे मारला की गंज विरघळतो असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. पातळ तेल बारीक फटीतून आपोआप आत ओढलं जातं आणि घर्षण कमी करतं, एवढंच. त्या फटी उघडायचं काम आपलं. आधी वायर ब्रश, मग तेल, मग नटाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, मग रात्रभर मुरू देणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नट गॅसनं तापवला तर तो फुगतो, गंजाला तडे जातात आणि निवताना तेल आत खेचलं जातं. पान्हा लावल्यावर आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. ज्याला हे दोन दिवस थांबायचं नसतं, त्याचा स्टड तुटतो.

डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दलही सांगायला हवं, कारण गिऱ्हाईक हमखास तोच डबा घेऊन येतं. तो १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला बनला, तेव्हा पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनला. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला तो लावत. नावातले डब्ल्यू आणि डी पाणी हटवण्याचेच आहेत आणि ४० म्हणजे जमून आलेला चाळीसावा प्रयोग. पुराच्या गाड्यांचं वायरिंग आणि कप्लर वाळवायला त्यानं मला उत्तम साथ दिली. पण गंजून अडकलेल्या स्टडसाठी खास भेदक तेल वेगळं मिळतं, त्या कंपनीचंही मिळतं. काम बघून डबा उचलावा.

एवढं करूनही एक स्टड हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, तोंडाशी कापला गेला. आतून खाल्लेलाच होता. अशा वेळी राहिलेल्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं स्टड सुटा होतो आणि पान्ह्याला धरायला नवं डोकंही मिळतं. मी मशीन ओढत आणलं. हाताखालचा पोरगा तेवढ्यात हेड साफ करत होता, कारण तेलावर वेल्डिंग धरत नाही. आमचा क्लीनरचा डबा संपला होता म्हणून त्यानं एमआयडीसीतल्या मित्राच्या वर्कशॉपमधून ब्रेक क्लीनर आणला होता. भरपूर मारला होता, खाली ओघळ आले होते.

मी डबा बाजूला ठेवायला उचलला आणि तो जड लागला. नेहमीचा क्लीनर पाण्यापेक्षा हलका असतो. हा पाण्याच्या दीडपटीहून जड. उलटा करून बारीक अक्षरं वाचली, टेट्राक्लोरोइथिलीन. ड्रायक्लीनिंगवाले कपडे धुतात ते हेच. हे पेटत नाही, तेल झकास काढतं, म्हणून सुरक्षित वाटतं. पण वेल्डिंगच्या आर्कसमोर किंवा ज्वाळेसमोर त्याची वाफ आली की फॉस्जीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला. भोपाळच्या कारखान्यात एमआयसी, म्हणजे तिथं गळालेलं ते विष, बनवायलाही हाच वायू लागायचा. हवेपेक्षा जड असल्यानं तो खड्ड्यात साचतो, आणि माझा पोरगा गॅरेजमधल्या गाडीखाली उतरायच्या खड्ड्याच्या काठावर हातात वेल्डिंगचा होल्डर घेऊन उभा होता.

"होल्डर खाली ठेव," मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचा पंक्चरवाला धावत आला.

पोरानं विचारलं, "दादा, वास तर साधाच येतोय की?" मी त्याला बसवून सांगितलं. क्लीनरच्या वासावर जाऊ नको. फॉस्जीनचा वास कुजक्या गवतासारखा असतो म्हणतात, पण तो येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो. माणसाला खोकला येतो, मग बरंही वाटतं, घरी जाऊन जेवतो, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरतं. नाकावरच्या रुमालाचा उपयोग शून्य. ते ऐकताना त्याचा चेहरा उतरला. त्याची आई त्याला माझ्या भरवशावर पाठवते.

त्या दिवशी वेल्डिंग केलं नाही. ट्रॅक्टर ढकलून मोकळ्यावर काढला, फडकी झाकणाच्या डब्यात घालून बाहेर ठेवली, हेड साबणाच्या गरम पाण्यानं धुतलं, कॉम्प्रेसरनं खाचाखोचा झटकल्या आणि रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी वायर ब्रश मारून नट जोडला. नटाची लाली निवली तसं मेणबत्तीचं मेण टेकवलं, ते वितळून आत गेलं आणि पान्ह्यानं स्टड पीळ सोडत बाहेर आला. नवे स्टड बसवताना कॉपर ग्रीस लावलं, पुढच्या मिस्त्रीला सोपं जावं म्हणून. सिलिंडरचे लायनर थोडे ओरखडलेले होते, पण इंजिन फिरलं.

आता माझ्याकडच्या प्रत्येक डब्यावर मार्करनं मराठीत लिहिलेलं असतं: "वेल्डिंगजवळ नको", "रबराला नको", "फक्त वायरिंग". कार्ब्युरेटरचा क्लीनर रबरी ओ-रिंग फुगवतो, म्हणून दुसरी चिठ्ठी. ब्रेकच्या लायनिंगवर तेलकट स्प्रे उडाला तर ब्रेक लागत नाही, त्या डब्यावर लाल पट्टी.

तो जड डबा मी स्वतः एमआयडीसीत परत नेऊन दिला. तिथं असे डबे ठेवलेल्या फळीखालीच वेल्डिंगचं टेबल होतं. मालकाला अक्षरं दाखवली. त्यांनी टेबल लगेच हलवायला लावलं आणि उरलेले डबे वेगळ्या खोलीत ठेवले.