व्हीडीआरएल ‘रिॲक्टिव्ह’ आली तिथून

गरोदरपणी तायी कार्डावरच्या (कर्नाटकातलं सरकारी माता कार्ड) तपासण्यांत माझी व्हीडीआरएल ‘रिॲक्टिव्ह’ आली. ही गुप्तरोगाची तपासणी, एवढं खानापुरात सगळ्यांना ठाऊक. यांचं रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग बोट माझ्याकडे. सासूबाई गप्प राहिल्या, जाऊबाई राहिल्या नाहीत. त्याच रोगाची खात्रीची तपासणी, टीपीएचए, निगेटिव्ह आल्यावर सगळ्यांनी सुस्कारा टाकला आणि कागद फाइलीत गेला. पाचव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

बेळगावच्या डॉक्टरबाई त्याच कागदावर अडकल्या. व्हीडीआरएलमध्ये जंतू शोधतच नाहीत म्हणे. कार्डिओलिपिन या चरबीला चिकटणारी प्रतिपिंडं बघतात. ही चरबी आपल्याच पेशींत, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात असते. जंतू नसताना ती प्रतिपिंडं सापडली तर अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमचा संशय घ्यायचा. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेला आजार. वारेच्या पेशींवर फॉस्फेटिडिलसेरीन ही अशीच एक चरबी बाहेरच्या बाजूला येते, त्यावर एक प्रथिन बसतं, त्यावर ही प्रतिपिंडं. मग कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रथिनं, जागं होऊन सूज येते, गुठळ्याही होतात.

पुढच्या तपासणीत चक्क घोणशीचं विष वापरतात. विषानं रक्त गोठायला पडद्यातली चरबी लागते, प्रतिपिंडांनी ती अडवली की वेळ लांबतो. खात्री करायची आणखी एक रीत आहे. चरबीचे रेणू एरवी दोन थरांत पसरतात. फॉस्फेटिडिलइथेनॉलअमाइन या चरबीच्या रेणूंचं डोकं लहान, म्हणून ते गुंडाळून नळ्या होतात आणि नळ्या षट्कोनी रचनेत बसतात. ही वेगळी रचना रक्तात मिसळली की प्रतिपिंडं तिलाच धरतात आणि गोठायचा वेळ पुन्हा कमी होतो. मला हे सगळ्यात पटलं. सासूबाईंना मात्र घोणसच लक्षात राहिली. “इखानं तपासत्यात व्हय?” असं चार जणींना सांगून आल्या.

एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा तसंच यावं लागतं. तो काळ फार वाईट गेला. दुसऱ्यांदाही तेच आलं.

आता पुन्हा दिवस गेलेत. रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी आणि पोटावर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचं इंजेक्शन, ते मीच टोचून घेते. कुणाला ही तपासणी करायची असेल तर शक्यतो हेपॅरिन सुरू व्हायच्या आधी रक्त द्या. आणि नमुना बाहेरगावी जाणार असेल तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) यंत्रात दोनदा फिरवून, गोठवून पाठवणार का, हे लॅबमध्ये विचारा. प्लेटलेट राहिल्या तर त्यांच्याच पडद्यातली चरबी निकाल बिघडवते.