मिरगाआधी वाचायची पुस्तकं

वैशाखात किनारपट्टीवर दुपारी बारा ते चार हाताला काम लागत नाही. वाचायला वेळ हाच. पण वर आमरस झालेला, हवा घामट, आणि ओटीवर आडवं झालं की पुस्तक दहाव्या मिनिटाला छातीवर. म्हणून मे महिन्यासाठी पुस्तक निवडताना आधी एवढंच बघावं: कुठेही मिटलं तरी पुन्हा उघडून चालू करता येतं का?

या कसोटीला जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) सगळ्यांत वर. गावातली एकेक वल्ली येते आणि जाते. एक प्रकरण, एक डुलकी, असं चालतं. दापोली-गुहागरकडचा वाचक मात्र मालवणी संवादांना अडखळतो. 'खंय', 'इलंय', 'झील', 'चेडू' हे मनात वाचून पुरेसं लागत नाही. मोठ्याने, जरा नाकात वाचा. चार-पाच पानांत कान बसतो. घरात वेंगुर्ल्याकडचं कुणी असेल तर त्यांनाच वाचायला लावा, पुस्तक निम्म्याने अधिक हसवतं.

मुलांसाठी 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यातलं पालगड आपल्या दापोलीकडचंच. पुस्तकात ४२ रात्री आहेत, शाळेची सुट्टीही जवळपास तेवढीच. रोज रात्री जेवणं झाल्यावर एक रात्र वाचायची, एकच. एका बैठकीत चार-पाच घेतल्या की मुलं रडून कंटाळतात, आणि मग पुस्तक फळीवर जातं ते कायमचं. लहानांना मध्ये थांबवून अर्थ विचारू नका.

'गारंबीचा बापू' (१९५२) घ्याल तर सकाळीच सुरू करा. श्री. ना. पेंडशांचा बापू रात्री हाती धरला तर झोप गेलीच.

त्यांचंच 'तुंबाडचे खोत' मात्र मे महिन्यात नको. दोन जाड खंड, खोत घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या. आठवडाभर खंड पडला की कोण कुणाचा मुलगा हे विसरायला होतं आणि लोक दुसऱ्या खंडाच्या तोंडाशी सोडून देतात. जगबुडी नदीकाठची ही कादंबरी आषाढासाठी ठेवा. सुरू करताना एका कागदावर वंशावळ लिहीत जा, नवं नाव आलं की तिथे जोडा. खानोलकरांचं 'कोंडुरा'ही पावसाचंच.

इतिहासाची आवड असेल त्यांनी विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' वाचावं. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघतो आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडतो. विकत घेताना आवृत्ती बघा. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी काढलेल्या आवृत्तीत त्यांचा हात बराच फिरलेला आहे; मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ ची. भाषा थोडी जड, पण गोडसेभटजी खरे तिथेच भेटतात.

आता पुस्तकांच्या जिवाविषयी. आंब्याचा चीक पानाला लागला तर डाग जात नाही, तेव्हा आढी लावताना पुस्तक लांब. खुणेला हिरवं पान ठेवू नये, ओल उतरते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली बांधणी उन्हाने मऊ होते, अशा वेळी पुस्तक उलटं दुमडलं की पानं सुटतात.

मिरग लागायच्या आठवडाभर आधी सगळी पुस्तकं बाहेर काढा. उन्हात नको, कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठे वाकतात. पडवीत सावलीला उभी करून पानं पसरा आणि तासभर पंखा लावा. कपाट पावसाच्या अंगाच्या भिंतीला टेकवलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, बुरशी बहुतेक वेळा मागूनच येते. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा, पुठ्ठ्याला टेकवून नाही. कडुनिंबाचा पाला चालतो, पण कडकडीत वाळलेला. ओला पाला कसरीच्या, म्हणजे पुस्तकं खाणाऱ्या किडीच्या, आधी बुरशीला बोलावतो.