एरर नाही, तरी उत्तर वेगळं

शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या कमांड लिहिलेली फाइल, लिनक्सवर चालते आणि मॅकवर फसते, तेव्हा बहुतेक जण लगेच लॉजिक तपासायला घेतात. मी आधी बघते की ती वाचतंय कोण, म्हणजे त्या कमांड चालवणारा शेल कोणता. पहिल्या ओळीत ‘/बिन/एसएच’ असेल, तर उबुंटूवर 2006 पासून त्यामागे डॅश नावाचा शेल असतो, अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये बिझीबॉक्सचा ॲश आणि मॅकवर बॅश. म्हणून दुहेरी चौकोनी कंसातली अट मॅकवर बिनबोभाट चालते आणि उबुंटूवर डॅश ‘नॉट फाउंड’ म्हणून हात वर करतो. अशा चुकांचं मला काही वाटत नाही. त्या ओरडतात, ओळीचा नंबर सांगतात, पाच मिनिटांत दुरुस्त होतात.

जीव खातात त्या गप्प बसणाऱ्या. मध्यंतरी एक डिप्लॉय स्क्रिप्ट (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणारी) मॅकवरून चालवली की जुनीच सेटिंग्ज लागू व्हायची. एरर नाही, एक्झिट कोड शून्य (म्हणजे सगळं सुरळीत), फाइल उघडली तर बदलही बरोबर झालेला. शेवटी अख्खा फोल्डर बघितला, तर तिथे एक जादा फाइल होती. मूळ नावाच्या शेपटीला ‘-ई’ चिकटलेलं.

स्क्रिप्टमध्ये सेडला, म्हणजे फाइलमधला मजकूर बदलणाऱ्या कमांडला, ‘-आय’ (बदल त्याच फाइलमध्ये कर) आणि त्यापुढे ‘-ई’ (पुढे बदलाची सूचना आहे) दिलं होतं. लिनक्सवर सहसा असणाऱ्या ग्नूच्या सेडमध्ये ‘-आय’ला बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचा प्रत्यय दिला नाही तरी चालतं, द्यायचाच तर चिकटून द्यावा लागतो. मॅकवरच्या बीएसडी सेडला मात्र तो हवाच असतो. चिकटून नसेल तर तो पुढचा शब्द उचलतो. इथे त्याने ‘-ई’ हाच प्रत्यय धरला आणि जुनी फाइल त्या नावाने जपून ठेवली. पुढचा लूप ‘कॉन्फ’पासून सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली वाचायचा. नावांच्या क्रमात ही फाइल नंतर येते, त्यामुळे नव्या सेटिंग्जवर जुन्या बसायच्या.

प्रत्यय ‘-आय’ला चिकटवून दिला, म्हणजे ‘-आय.बॅक’, तर दोन्हीकडे चालतं. नंतर बॅकअप पुसायचा. मला त्याहून तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ती मूळ जागी हलवणं आवडतं, कारण पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं मानक, त्यातल्या सेडमध्ये ‘-आय’ मुळात नाहीच.

बाकी नेहमीचे यशस्वी: मॅकसोबत येणारा बॅश अजून 3.2 आहे, त्यामुळे 2009 च्या 4.0 मध्ये आलेले असोसिएटिव्ह ॲरे (नावाने मूल्य शोधायच्या याद्या) तिथे नाहीत. कालची तारीख काढायला ग्नूच्या डेटला ‘-डी’ लागतं, मॅकला ‘-व्ही’. मॅकवरची ओळी-शब्द मोजणारी डब्ल्यूसी कमांड आकड्याआधी मोकळी जागा सोडते, आणि आकड्याची तुलना स्ट्रिंग म्हणून केली असेल तर ती तिथेच फसते. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं, मग पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही.

मॅकवर ग्नूची साधनं टाकून घ्या, हा सल्ला सगळीकडे मिळतो. स्वतःपुरतं ठीक आहे. टीमच्या स्क्रिप्टला मी तो देत नाही, कारण ती ज्याच्या मशीनवर चालणार त्याच्याकडे ही साधनं असतीलच असं नाही, आणि स्क्रिप्ट ते तपासत नाही.