परसबागेतलं शिसं आणि सोलापूरची काळी माती

परसबागेच्या मातीत शिसं निघालं की पहिला सल्ला मिळतो चुना टाकण्याचा. आम्लधर्मी मातीत तो बरोबर आहे, कारण पीएच (मातीचा आम्ल-अल्कपणा, ७ च्या खाली आम्ल) वाढला की शिसं आणि कॅडमियम हा दुसरा विषारी धातू मातीच्या कणांना घट्ट धरून राहतात. सोलापूरच्या काळ्या मातीचा पीएच मुळातच ८ च्या आसपास. चुनखडीचे पांढरे खडे खुरप्याला लागतात, एवढा चुना तिच्यात आधीच आहे. अजून टाकलात तर लोह आणि जस्त अडकेल, कोवळी पानं पिवळी पडतील, एवढंच.

आपल्याकडे शिशाचा धोका मुळांतून कमी आणि धुळीतून जास्त. शिसं मुळांच्या वर फारसं चढत नाही. ते पोटात जातं पानाला चिकटलेल्या मातीतून आणि लहान मुलांच्या हातातोंडातून. कॅडमियमची गोष्ट वेगळी. ते पाण्याबरोबर थेट पानात शिरतं. मग धुवा की उकळा, निघत नाही.

शंका कुठे घ्यायची? जुन्या घराचे तैलरंगाचे दरवाजे-खिडक्या खरवडल्या, ती भिंतीलगतची पट्टी सगळ्यात आधी. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग, म्हणजे किलोला ९० मिलिग्रॅम) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीचे रंग संशयित धरा. वर्दळीच्या रस्त्याकडेची कडा. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण शिसं मातीतून सहसा वाहून जात नाही. बॅटरी दुरुस्तीची, तांब्यासाठी वायर जाळण्याची किंवा सूत रंगवण्याची जुनी जागा असेल, तर तपासणीशिवाय पालेभाजी लावूच नका.

नमुना घेताना भिंतीलगतची, रस्त्याकडची आणि मधली माती वेगळी ठेवा. एकत्र केलीत तर भिंतीजवळचं शिसं सरासरीत लपतं. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी १५ सेंटिमीटरपर्यंत खणून माती काढा, मिसळा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पाठवा. गॅल्व्हनाइज्ड घमेलं वापरू नका, त्याचं जस्त नमुन्यात येतं. प्रयोगशाळेत नेमकं मागा: आम्लात विरघळवून एकूण शिसं आणि एकूण कॅडमियम. शेतकऱ्यांसाठीच्या नेहमीच्या माती परीक्षणात पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि फार तर सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात. त्या कागदावर शिसं नसतं, आणि माणसं तोच कागद बघून निर्धास्त होतात.

अहवाल वाचतानाही आपली माती लक्षात ठेवावी लागते. ती काळ्या पाषाणापासून, बेसॉल्टपासून झालेली आहे. त्यामुळे तांबं किंवा क्रोमियम १०० पीपीएमच्या घरात दिसलं तरी ते बहुधा खडकातलंच असतं. शिशाचं तसं नाही. बेसॉल्टमध्ये ते अगदी कमी, म्हणून १०० पीपीएम शिसं म्हणजे ते बाहेरून आलेलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२४ मध्ये निवासी मातीसाठी तपासणीची पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर आणली. माझं मत असं की १०० च्या पुढे पालेभाज्या, गाजर, मुळा, बीट थांबवावेत. वांगी, भेंडी, टोमॅटो, दोडका, शेवगा घ्यावा, फळात धातू सगळ्यात कमी पोचतो. २०० च्या पुढे थेट गादीवाफा.

गादीवाफा ३० सेंटिमीटर उंच हवा. १ बाय २ मीटरच्या वाफ्याला ६०० लिटर भर लागते: दोन भाग तपासलेली माती, एक भाग कुजलेलं शेणखत. कडेला विटा लावा. रंगवलेल्या फळ्या नकोत. खाली जाड जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरलंच पाहिजे. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची चांगली माती त्यांत घसरते आणि पावसात जमीन फुगली की खालची-वरची एक होते. कापड नसेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत सगळी मेहनत वाया. शहरातल्या तलावाचा गाळ फुकट मिळाला तरी तपासल्याशिवाय भरू नका.

वाफ्यावर आणि वाटांवर ज्वारीच्या कडब्याचं चार बोटं आच्छादन ठेवा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर पडला की चिखल पानाच्या खालच्या बाजूला उडतो, आणि शेपू-कोथिंबिरीच्या बारीक पानांतून तो पुरता निघत नाही. मेथी मुळासकट उपटू नका, जमिनीपासून चार बोटं वर कापा. रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड जाळलेली राख पानांवर भुरभुरू नका.

आता बांधलेला धातू मोकळा करणाऱ्या चुका. पिवळेपणा घालवायला ईडीटीएचं चिलेटेड लोह, म्हणजे ईडीटीए या रसायनाने धरून विरघळतं ठेवलेलं लोह, मातीत ओततात. चुनखडीच्या मातीत ईडीटीए लोह सोडतं आणि शिशासारखे दुसरे धातू धरून विरघळवतं. त्याऐवजी लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. बोअरचं पाणी खारं असेल तर त्यातलं क्लोराइड कॅडमियमला पिकापर्यंत पोचवतं. पालेभाजीला नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. सूर्यफूल लावून माती स्वच्छ होते हेही खूप पसरलंय. शिशाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

भाजी धुताना लिटरभर पाण्यात १० मिली व्हिनेगर घालून हलवा, मग साध्या पाण्याने दोनदा. तरी शंका उरली तर एकाच पेंडीचे दोन भाग करा, एक धुतलेला आणि एक न धुतलेला, आणि दोन्ही तपासायला द्या. पालेभाजीसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा ताज्या वजनावर किलोला शिसं ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आहे. धुतल्यावर आकडा चांगला उतरला तर धूळ अडवा, आच्छादन वाढवा. उतरला नाही तर धातू पानाच्या आत आहे. त्या वाफ्यात पालेभाजी बंद करून भेंडी किंवा वांगी लावा.