साखर-मीठ सारखे, तरी फरक पडलाच

अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा, म्हणजे कारखान्यात अनेक प्रक्रिया करून बनवलेल्या तयार पदार्थांचा दोष केवळ त्यातील साखर, मीठ आणि मेद यांचा आहे, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केव्हिन हॉल यांनी केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अवश्य समजून घ्यावा. त्यात २० प्रौढ व्यक्तींना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे अत्यल्प प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. दोन्ही आहारांत ताटात दिलेल्या अन्नातील ऊर्जा, साखर, मेद, सोडियम आणि तंतू यांचे प्रमाण जुळवलेले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरीही पहिल्या आहारावर लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर ते जवळजवळ तितकेच घटले. अतिप्रक्रियायुक्त अन्न त्यांनी अधिक वेगाने खाल्ले, ही नोंद मला सर्वांत बोलकी वाटते, कारण मऊ आणि कमी चावावे लागणारे अन्न तृप्तीची जाणीव होण्याआधीच पोटात जाते.

प्रयोग लहान आणि अल्पकालीन होता, हे मान्य केलेच पाहिजे. अशा अन्नाचा मधुमेह व हृदयविकाराशी असलेला संबंध मुख्यतः निरीक्षणात्मक अभ्यासांतून, म्हणजे लोक काय खातात याची केवळ नोंद ठेवणाऱ्या अभ्यासांतून दिसतो. परंतु मुलांच्या डब्यात रोज इन्स्टंट नूडल्स आणि क्रीमची बिस्किटे जात असताना संपूर्ण पुराव्याची वाट पाहणे मला योग्य वाटत नाही. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा ऊर्जा जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले. आपल्याकडेही पाकिटाच्या दर्शनी बाजूवर असाच स्पष्ट इशारा हवा.