तुम्ही विचारलंत म्हणून: तो ‘एस’ म्हणजे नक्की कोण?

मी बेसबॉल बघते हे कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, एक म्हणजे अगं पण का, आणि दुसरी म्हणजे ते ‘टीमचा एस’ (ace, टीमचा हुकमी एक्का) म्हणतात तो म्हणजे त्यांचा बुमराच ना. पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्यावरून मात्र तिकडचे लोकही हमरीतुमरीवर येतात, त्यामुळे एकदाचं लिहूनच टाकते.

आधी थोडं बेसिक. अमेरिकेतल्या मेजर लीगचा सीझन 162 मॅचेसचा, जवळजवळ रोज मॅच, आणि एका मॅचला शंभरेक बॉल टाकले की पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) हाताला चार-पाच दिवस आराम लागतोच. म्हणून साधारण पाच स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) असतात, पाळीपाळीने येणारे, आणि सात-आठ जण बुलपेनमध्ये बसलेले, म्हणजे स्टार्टर दमला किंवा मार खायला लागला की मॅनेजर फोन करून ज्यांना बोलावतो ते. हा सगळा मिळून स्टाफ. आता ह्यातला एस कोण?

ज्याच्या नावावर जास्त विजय तो, हे जुनं उत्तर आता कोणी सिरियसली घेत नाही आणि घेऊही नये. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डिग्रॉम नऊ इनिंगमागे (म्हणजे एका पूर्ण मॅचमागे) सरासरी 1.70 रन देत होता, म्हणजे अशक्य भारी, आणि रेकॉर्ड काय तर 10 विजय, 9 पराभव, कारण त्याच्या पाळीला मेट्सचे बॅटर उपास धरायचे. बेस्ट पिचरचं साय यंग अवॉर्ड तरीही त्यालाच, पहिल्या नंबरची 30 पैकी 29 मतं. त्याआधी 2010 ला सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझला 13-12 वर मिळालं होतं. तेव्हा विजय सोडा.

मग ज्याचे आकडे भारी तो? इथे मी अडते, आणि अडते ती ब्लेक स्नेल ह्या पिचरमुळे.

बॅटिंग लाइनअप नऊ जणांची, त्यामुळे पाचव्या-सहाव्या इनिंगच्या आसपास तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात. एव्हाना त्यांनी तुमचं सगळं बघून घेतलेलं असतं आणि तुमचा हातही उतरलेला असतो. तिसऱ्या फेरीत बहुतेक पिचर मार खातात हे आकड्यांत स्वच्छ दिसतं, त्यामुळे हल्ली मॅनेजर ती वेळ येऊच देत नाहीत. 2020 च्या वर्ल्ड सिरीजची (म्हणजे लीगच्या फायनलची) सहावी मॅच, टँपा बे 1-0 ने पुढे, त्यांच्याकडून स्नेलने 73 बॉलमध्ये नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) काढलेत, समोर डॉजर्सचे पहिले तीन बॅटर, जे तोवर त्याच्याविरुद्ध सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट झालेत. एक साधा सिंगल (एका बेसचा फटका) गेला आणि मॅनेजर केव्हिन कॅश चालत आला आणि त्याला काढला!! डॉजर्सनी त्याच इनिंगला दोन रन काढले, शेवटी 3-1 ने मॅच आणि सिरीजही घेतली. कॅशला लोकांनी फाडून खाल्लं, मीही शिव्या घातल्या आणि अजून घालते, पण एक गोष्ट कोणी बोलत नाही, त्या पूर्ण सीझनमध्ये स्नेलने एकाही मॅचला सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. मॅनेजरला सवयच तशी लागलेली. स्नेलकडे दोन साय यंग आहेत, 2018 आणि 2023 चं, आणि पहिली मॅच शेवटपर्यंत त्याने टाकली ती 2024 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे दोन्ही अवॉर्ड कपाटात गेल्यानंतर (टाकली ती थेट नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट नाही, हे पण त्याचंच काम). ग्रेट पिचर, वादच नाही. पण एस?

माझं म्हणणं सरळ आहे, ज्याच्या पाळीच्या दिवशी बुलपेनचा फोन वाजत नाही तो एस. त्याच्या एका दिवसाने बाकीच्या सात-आठ जणांना सुट्टी मिळते आणि ती पुढच्या तीन-चार मॅचेसना पुरते.

2025 ची वर्ल्ड सिरीज, डॉजर्स विरुद्ध टोरोंटो. पहिली मॅच स्नेलकडे (तो तोवर डॉजर्सकडे आलेला), कागदावर नंबर एक तोच. सहाव्या इनिंगला टोरोंटोने नऊ रन काढले, 11-4 ने धुतलं. दुसऱ्या दिवशी डॉजर्सचाच जपानी पिचर योशिनोबु यामामोटो. 105 बॉल, पूर्ण मॅच एकट्याने, एकच रन दिला आणि शेवटचे वीस बॅटर ओळीने आउट. वर्ल्ड सिरीजमध्ये 2015 नंतर पूर्ण मॅच एकट्याने कोणी टाकली नव्हती. तिसरी मॅच 18 इनिंग चालली, डॉजर्सकडचे पिचर संपत आले, तर हा दोनच दिवसांपूर्वी 105 बॉल टाकलेला माणूस उठून वॉर्मअप करायला लागला! डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने होमरन (आपला सिक्सर समजा) मारला म्हणून वाचला.

मग सहाव्या मॅचला 96 बॉल टाकून जिंकवली, आणि दुसऱ्याच दिवशी सातवी. आपल्याकडे ती 2 नोव्हेंबरची रविवार सकाळ, साडेपाचपासून टीव्हीसमोर (त्याच रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, असा रविवार परत होणे नाही). नववी इनिंग, 4-4, बेसवर दोघं, एक आउट, आणि ज्याच्या हातून बॉल काढून यामामोटोला दिला तो कोण, तर स्नेल. यामामोटोने आल्या आल्या टोरोंटोच्या अलेहांद्रो कर्कला बॉल मारला, तिन्ही बेस भरले. मग ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) डॉजर्सच्या मिगेल रोहासने अडखळत होम प्लेटकडे थ्रो केला तेव्हा कीपर विल स्मिथचा पाय प्लेटवर टेकलाय की नाही हे रिप्लेत बघावं लागलं, टेकला होता. त्यानंतरचा उंच फटका डॉजर्सच्याच अँडी पाहेसने स्वतःच्याच फील्डरवर आदळत पकडला. अकराव्या इनिंगला स्मिथचा होमरन, 5-4, आणि त्याच कर्कची बॅट मोडून डबल प्ले, म्हणजे एका फटक्यावर दोघं आउट. यामामोटोने 34 बॉल टाकले, आदल्या दिवशीच्या 96 नंतर.

जपानमध्ये हे नवीन नाही म्हणा. 2013 ला मासाहिरो तानाका 24-0 चा सीझन करून आलेला, जपान सिरीजची (तिथल्या फायनलची) सहावी मॅच 160 बॉल टाकून हरला आणि दुसऱ्या दिवशी येऊन शेवटची इनिंग टाकून कप घेऊन गेला. 160! माझ्या मते हा निव्वळ छळ आहे, आणि तिथल्या शाळकरी पोरांच्या हाताचं असं कौतुक करून काय होतं तेही दिसलंय. पण दोघांची जर्सी 18 नंबरची, तिकडे तो एसचाच नंबर मानतात.

आता बुमरा. 2025 ला इंग्लंडमध्ये पाचपैकी तीन टेस्ट खेळला, आधीच ठरवून. सिराज पाचही खेळला, 23 विकेट, आणि ओव्हलवर 6 रनांनी मॅच काढून दिली. जास्त चांगला बॉलर कोण हे विचारू नका, उघड आहे. पण माझा निकष लावला तर त्या सिरीजचा एस सिराज. आमच्या ग्रुपवर हे लिहिलं तर दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही.

आणि हो, पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचं काय, हेही विचारतात. 2025 ला 1.97 ची सरासरी, 10-10 रेकॉर्ड, साय यंग एकमताने. त्याच्या टीमने त्याला अजून एकही प्लेऑफ मॅच दाखवलेली नाही, मग तो एस की नाही? माझ्या हिशोबात तो सध्या अर्धा एस, आणि उरलेला अर्धा मिळेल की नाही हे पिट्सबर्गच्या मालकांनी बॅटर विकत घेण्यावर आहे.